कर्ता, कर्म आणि मी

आमची धाकटी नात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. घरात ती मराठीच बोलते, पण तिचे मराठी इंग्रजीच्या तालावर पाय टाकीत येते. परवा सकाळी मला म्हणाली, "आजोबा, मी घातलं पाणी सगळ्या झाडांना आज." सूनबाईंनी स्वयंपाकघरातून "अगं, नीट बोल!" असा आवाज दिला. मला मात्र त्या वाक्याचा राग आला नाही. उलट चहाचा कप हातात तसाच धरून मी बराच वेळ त्याचाच विचार करीत बसलो. वाक्य जरा तिरके चालत होते खरे, पण न चुकता घरी पोचले होते. पाणी कोणी घातले, कशाला घातले, केव्हा घातले, कशातच घोटाळा नव्हता.

ह्याचे कारण असे की, मराठीतले शब्द हे आपल्याकडच्या भांड्यांसारखे असतात. प्रत्येकावर नाव घातलेले. लग्नघरी चार बिऱ्हाडांची पातेली, पराती, झारे एका ढिगात पडले, तरी रात्री ज्याचे त्याच्या घरी बिनबोभाट जाते. 'झाडांना' ह्या शब्दाच्या अंगावर 'ना' कोरलेला आहे. त्याला वाक्यात पुढे बसवा, मागे बसवा, तो आपली ओळख विसरत नाही. इंग्रजीतल्या भांड्यांवर नावे नाहीत. तिथे फळीवरची जागा हीच ओळख. पहिल्या फळीवर असेल तो कर्ता, क्रियापदापलीकडच्या फळीवर असेल ते कर्म. भांडे एका फळीवरून दुसऱ्या फळीवर गेले की मालक बदलला!

हे शहाणपण मला आज ऐंशी ओलांडल्यावर सुचते आहे असे मात्र नव्हे. ते विसाव्या वर्षीच सुचले, आणि त्याची किंमत दुसऱ्याच एका माणसाने दिली. ही हकीकत मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही.

माझा जन्म १९४३ चा. मी हायस्कुलात गेलो तेव्हा मुंबई राज्यात मराठी शाळांतून इंग्रजी आठवीत सुरू होई. (पुढे २००० साली महाराष्ट्र सरकारने ते एकदम पहिलीत आणून बसवले. माझी धाकटी सून त्याच सुमाराला शिक्षिका झाली. तिच्यापुढे मी ह्या विषयावर तोंड उघडीत नाही.) आठवीत सुरू होणारे इंग्रजी अकरावीच्या एस. एस. सी.पर्यंत किती मुरणार? आमच्या वर्गातली निम्मी मुले इंग्रजीच्या पेपरला नुसती नारळ फोडून जात.

आमचे अण्णा म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत मास्तर होते. व्हर्नाक्युलर फायनल झालेले. मराठी व्याकरण असे शिकवीत की मुले प्रयोग ओळखण्याच्या पैजा लावीत. परंतु इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता, आणि ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागून राहिलेली होती. चाळीत कुणाकडे तार आली की लोक पहिल्याने 'मास्तरां'कडे धावत येत, आणि मास्तर तो कागद हातात घेऊन, चष्मा पुसून, तिसऱ्या मजल्यावरच्या रेल्वेतल्या कारकुनाकडे जात. एवढे दोन जिने चढताना त्यांचा चेहरा कसा होई ते मी पाहिलेले आहे.

मी आठवीत गेलो त्या जूनमध्ये अण्णांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणली. तीन भागांपैकी दोनच मिळाले, पहिल्या भागाचे पुठ्ठेही नव्हते. अण्णांनी गोणपाटाचा तुकडा खळीने चिकटवून त्याला पुठ्ठा केला. आणि मग, वाचकहो, एक विलक्षण प्रकार सुरू झाला. मला शिकवता यावे म्हणून चाळिशी उलटलेला हा गृहस्थ रोज पहाटे चारला उठून, कंदिलाची वात बारीक करून, माझ्याआधी एक धडा पुढे शिकू लागला! पाचला मला उठवायचे आणि दहा वाक्ये घालायची. दहा वाक्ये झाल्याशिवाय चहा नाही.

पहिले काही महिने आम्हां दोघांचीही तारांबळ उडाली. शब्द पाठ होत, पण त्यांची रांग लागत नसे. आपले क्रियापद बिचारे घरातल्या बाईसारखे सर्वांचे पान वाढून झाल्यावर शेवटी बसते. इंग्रजीत ते यजमानाच्या मांडीला मांडी लावून दुसऱ्याच पाटावर! आपल्याला सवय अशी की, "मी उद्या सकाळी तुमच्याकडे पैसे घेऊन..." इथपर्यंत बोलून समोरच्याचा चेहरा पाहावा आणि मगच 'येतो' म्हणायचे की 'येणार नाही' म्हणायचे ते ठरवावे. इंग्रजीत ही सोय नाही. तोंड उघडले की दुसऱ्या शब्दाला काय ते कबूल करावे लागते.

प्रश्नांची तऱ्हा आणखी निराळी. "तुला आंबा आवडतो का?" ह्यातला शेपटीचा 'का' कापून त्याचा 'डू' करून तोंडाला बांधायचा. ही शस्त्रक्रिया महिनाभर गिरवून हाताला बसते न बसते तोच पुढचा धडा येई : "तो कुठे राहतो ते मला ठाऊक नाही." आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने 'आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह' असे लिहिले आणि उत्तरात पाहिले, तर तो 'डझ' गायब! प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही, म्हणून मघाशी कष्टाने पुढे आणून बांधलेले शेपूट पुन्हा सोडून टाकायचे. अण्णा हताश होऊन म्हणाले, "ह्यांचं राज्य कसं गेलं ते आता समजलं." (ही चूक, तुम्हांला म्हणून सांगतो, चांगले सुटाबुटातले लोक आजही करतात. मी सभेत बसल्या बसल्या मोजतो.)

एके दिवशी पहाटे अण्णांनी मला नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच हलवून उठवले. त्यांना काही तरी सापडले होते. पाटीवर त्यांनी वाक्य लिहिले होते : "मी काल आईबरोबर बाजारात गेलो."

"आता बघ," ते म्हणाले. "पहिला शब्द घे. मी. आता उडी मार थेट शेवटच्या शब्दावर. गेलो. आता तिथून उलटा चालत मागे ये. बाजारात, आईबरोबर, काल. काय झालं?"

'आय वेंट टु द मार्केट विथ मदर यस्टरडे.' तंतोतंत! इतकेच नव्हे, तर 'आईबरोबर' ह्या शब्दाच्या आतसुद्धा आधी 'बरोबर' आणि मग 'आई', 'बाजारात' मध्ये आधी 'त' आणि मग 'बाजार'. आरशात पाहिल्यासारखे सगळे वाक्य उलटे उभे राहिले होते. अण्णांच्या तोंडावर त्या वेळी जो आनंद होता तो मी त्यानंतर त्यांच्या मुलींच्या लग्नांतही पाहिला नाही. चाळीस वर्षांच्या माणसाने कुणाच्याही मदतीवाचून एक किल्ली शोधून काढली होती.

मग ती किल्ली सगळ्या चाळीत फिरली. 'पहिला शब्द घ्या, शेवटी उडी मारा, उलटे चालत या.' संध्याकाळी आमच्या दाराबाहेरच्या गॅलरीत सात-आठ मुले ओळीने बसत आणि उड्या मारीत. वाक्यावर पेन्सिलीने आकडे घालायचे, एक, दोन, तीन, आणि आकड्यांप्रमाणे इंग्रजी शब्द मांडत जायचे. बहुतेक वाक्ये सुटत. जी सुटत नसत ती अण्णा वहीच्या शेवटच्या पानावर 'अपवाद' म्हणून लिहून ठेवीत. "मला भूक लागली आहे." इथे पहिला शब्द 'मला', पण इंग्रज 'मी' म्हणून सुरुवात करतो आणि भुकेला लागू देत नाही, स्वतःच भुकेला होतो. अपवाद. "त्याला दोन मुलगे आहेत." अपवाद. "तुला ताप आला आहे." अपवाद. मला, तुला, त्याला, आईला अशी 'ला'ची एक लांबलचक यादी त्या मागच्या पानावर होत गेली. पान भरत आले होते, पण आमच्यापैकी कुणीही त्या यादीकडे नीट पाहिले नाही.

एस. एस. सी. झाल्यावर रात्रीच्या कॉलेजात नाव घातले आणि दिवसा नोकरी शोधू लागलो. १९६२ च्या अखेरीस गिरणगावातल्या एका कापडाच्या गिरणीत टाइम-ऑफिसात कारकून म्हणून चिकटलो. वर्षभर हंगामी, मग काम पाहून कायम. माझे इंग्रजी बरे आहे असे तिथे लवकरच ठरले. 'बरे' म्हणजे काय, तर मी भराभर लिहीत असे. हजेरीपत्रके संपली की हेडक्लार्क मराठी अर्ज, तक्रारी, जबान्या माझ्यापुढे टाकीत. मॅनेजरसाहेबांना मोडीतोडी मराठी बोलता येई, वाचता येत नसे. त्यांच्या टेबलावर जाणारा प्रत्येक कागद इंग्रजीत लागे. मी मराठीवर बारीक पेन्सिलीने आकडे घाली आणि खाली इंग्रजी उतरवी. अण्णांची किल्ली रोजगाराला लागली होती, आणि घरी पगाराचे पाकीट त्यांच्या हातात देताना त्यांनाही ते जाणवत असावे.

१९६३ च्या दिवाळीच्या तोंडाशी साचेखात्यात मारामारी झाली. साचेखाते ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना सांगतो : शेकडो साचे एकदम चालू असले की तिथे माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. लोक खुणांनी बोलतात, ओठांवरून शब्द वाचतात. तेव्हा भांडण कशावरून जुंपले ते कुणालाच धड सांगता येईना. कापड खराब निघाल्याची काही तरी बोलाचाली होती. एवढे खरे की खात्याचा जॉबर आणि साच्यावरचा एक कामगार दोघेही खाली पडले, जॉबरच्या कपाळाला टाके पडले, आणि त्याने तक्रार दिली की साचेवाल्याने मला ढकलले. साचेवाला म्हणाला, ढकलले त्याने, मी सावरण्यासाठी त्याचा हात धरला. वरिष्ठावर हात टाकणे म्हणजे नोकरीवर पाणी. त्याला सस्पेंड करून चौकशी सुरू झाली.

सात जबान्या होत्या. दुसऱ्या एका कारकुनाने त्या मराठीत उतरून घेतलेल्या. संध्याकाळपर्यंत इंग्रजी करून द्यायच्या होत्या. जॉबरची पहिली, साचेवाल्याची दुसरी. मग चौघांनी आपण पाहिलेच नाही असे सांगितले होते. जॉबरच्या खात्यात राहून पाहणे परवडणारे नव्हते. सातवा एक बदली कामगार होता. त्याची जबानी चार ओळींची. तीत वाक्य होते : "साचेवाल्याला जॉबरने आधी ढकलले, मग दोघे पडले."

मी आकडे घातले. पहिला शब्द साचेवाला. उडी मारून ढकलले. उलटे चालत आधी, मग जॉबर. 'द वीव्हर पुश्ड फर्स्ट द जॉबर.' हे कानाला बरे वाटेना, म्हणून तो 'फर्स्ट' उचलून मी शेवटी नेऊन ठेवला. वाक्य सफाईदार झाले. जॉबरची जबानी नुकतीच लिहून झालेली होती, तिच्याशी ते जुळतही होते. साडेपाचला मी कागद टाचून दिले आणि कॉलेज गाठले.

चारच दिवसांनी धनत्रयोदशी होती. कॉलेजला सुट्टी लागली होती. संध्याकाळी आई आत चकल्या तळीत होती, अण्णा आकाशकंदिलाला कागद लावीत होते, आणि आमची धाकटी बहीण बेबी, नववीतली, सुट्टीचा अभ्यास घेऊन माझ्याजवळ बसली होती. तिला मी वाक्ये घालीत होतो. समोर चाळीतले मांजर पसरले होते, त्यावरून मी सहज म्हणालो, "लिही, उंदराला मांजराने मारले."

तिने आकडे घातले, जीभ बाहेर काढून लिहिले आणि वाचले : 'द रॅट किल्ड द कॅट.' मग अर्थ तिच्या ध्यानात आला आणि ती खो खो हसू लागली. "अण्णा, अहो अण्णा, उंदरानं मांजर मारलं! तुमच्या उडीनं!" अण्णाही हसू लागले. आई झारा हातात घेऊन दाराशी आली.

मी हसलो नाही. माझ्या पोटात एकदम थंडगार झाले. डोळ्यांपुढे तो कागद आला, त्यावरचे माझे पेन्सिलीचे आकडे, आणि तो उचलून शेवटी ठेवलेला 'फर्स्ट'. त्या रात्री मी चकली तोंडात घातली ती गिळली की नाही ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. अभ्यंगस्नान करून, केसांना तेल तसेच, मी पाळीच्या भोंग्याआधी गिरणीत गेलो. फाईल काढली. जे होऊ नये ते झाले होते. सात माणसांत एकाने त्या साचेवाल्याच्या बाजूने सांगितले होते, आणि त्यालाच मी त्याच्यावर उलटवला होता. मॅनेजरसाहेबांनी माझ्या त्याच ओळीखाली तांबडी रेघ मारली होती. बडतर्फीचा हुकूम टाइप होऊन सहीसाठी ठेवलेला होता. दिवाळी संपली की सही व्हायची.

मी हेडक्लार्कांना गाठले. माणूस वाईट नव्हता. सगळे ऐकून घेतले, तपकीर ओढली आणि म्हणाले, "बाबा रे, तू अजून हंगामी आहेस. दोन महिन्यांनी कायम होणार. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा का पाडून घेतोस? साचेवाला काय, दुसऱ्या गिरणीत लागेल." मग जरा थांबून म्हणाले, "मी काही पाहिलं नाही, तूही काही पाहिलं नाहीस." चौकशीतल्या त्या चौघांनीही नेमके हेच सांगितले होते.

बाहेर पडताना गेटाशी तो साचेवाला उभा होता. सस्पेंड माणसाला आत सोडीत नाहीत. तो रोज येऊन गेटाबाहेर उभा राहत असे, बोलावणे आले तर आपण हजर असावे म्हणून. सातारकडचा माणूस. त्याने मला पाहून कपाळाला हात लावला. कचेरीतला कुणीही दिसला तरी तो असाच हात लावीत असे. मी मान खाली घालून निघून आलो.

घरी अण्णांना सांगितले. खरे बोलावे की बोलू नये असे मी त्यांना विचारले नाही. ते विचारायची लाज वाटली. फक्त काय झाले ते सांगितले. अण्णा ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी एवढेच म्हटले, "पंचवीस वर्षं मी व्याकरण शिकवतो आहे. 'कर्ता घ्या' म्हणायच्या जागी 'पहिला शब्द घ्या' म्हणालो. मुलांना सोपं जावं म्हणून." मग फळीवरून ती वही काढून शेवटचे 'अपवाद'चे पान उघडले, आणि 'ला'च्या त्या यादीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवीत बसले. मराठीत प्रत्यय असल्यामुळे कर्म वाटेल तेव्हा पुढे येऊन बसू शकते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक होते? पण ते त्यांना मराठीच्या तासाला ठाऊक होते.

काही वेळाने मला म्हणाले, "साहेबांना पत्र लिहिणार ना?"

"हो."

"मग आधी मराठीत लिहू नकोस. आकडे घालू नकोस. काय घडलं ते डोळ्यांपुढे आण आणि कोणी केलं तिथून सुरुवात कर."

त्या रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा, खाली मराठी न धरता, सरळ इंग्रजीत लिहिले. चाळीत फटाके वाजत होते. एकेक वाक्य चार-पाच शब्दांचे. मी चूक केली. जॉबरने साचेवाल्याला ढकलले, असे साक्षीदार म्हणतो. मी ते उलटे लिहिले. साक्षीदाराची चूक नाही. सगळ्या पत्रात शोभेचा एक शब्द नव्हता. ते लिहायला मला अडीच तास लागले, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला कोण बसला आहे ते मी तीन-तीनदा पाहिले. बऱ्याच वाक्यांच्या सुरुवातीला 'आय' होता.

सुट्टीनंतर साहेबांनी बोलावले. पत्र टेबलावर होते. शेजारी मूळ जबानी, माझ्या आकड्यांसकट. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "आर यू शुअर धिस टाइम?" मी म्हणालो, "यस, सर." ते एवढेच म्हणाले की, मग मला आजवर तुम्ही दिलेले सगळे कागद पुन्हा पाहावे लागतील. त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

बदली कामगाराला पुन्हा बोलावले. त्याने तेच सांगितले, या वेळी दुभाष्यासमोर. साचेवाल्याला कामावर घेतले, पण घरी बसवलेल्या दिवसांचा पगार दिला नाही. झटापट दोघांची झाली असे कारण लिहिले. त्यात एका कामगाराची दिवाळी गेली. मला कायम करायचे सहा महिन्यांनी पुढे ढकलले, आणि तेवढे दिवस जबान्या माझ्याकडे आल्या नाहीत. हेडक्लार्क पुढे बरेच दिवस माझ्याशी तुटक वागत. त्यांचे म्हणणे असे की, मी त्यांनाही अडचणीत आणले. आणि ते खरेच होते.

ह्या प्रकारानंतर मला एक नवाच छंद लागला. इंग्रजीत हे असे का, ते शोधण्याचा. रविवारी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन, कळत नसलेली पुस्तके कळेपर्यंत वाचू लागलो. तिथे मला कळले की, हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे इंग्रजी आपल्यासारखेच होते. त्यातही नामांना विभक्तीचे प्रत्यय होते, त्यांच्याही भांड्यांवर नावे घातलेली होती, आणि शब्द पुष्कळ मोकळेपणाने मागेपुढे बसत. ते प्रत्यय हळूहळू झिजत होते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, आणि नंतरच्या दोन-तीन शतकांत ते बहुतेक सगळे गळून पडले. मग कोणी कोणाला मारले हे कळायला जागेखेरीज साधन उरले नाही, म्हणून जागा पक्क्या झाल्या. 'ही' आणि 'हिम' अशा थोड्या सर्वनामांवर जुन्या नावांची पुसट अक्षरे आजही दिसतात. हे वाचले तेव्हा मला इंग्रजीविषयी प्रथमच थोडी कणव वाटली. तोवर मी तिला शिस्तीची गर्विष्ठ बाई समजत होतो. ती तर घरातली भांडी गेल्यावर उरलेली फळीवर नीट मांडून ठेवणारी बाई निघाली.

आणखी एक कळले, त्याने अण्णांना फार बरे वाटले. क्रियापद शेवटी ठेवणारे आपण काही जगावेगळे नाही. जपानी, कोरियन, तुर्की, तामिळ सगळे आपल्याच पंगतीला. जगातल्या भाषांची मोजदाद केली तर ही पंगत इंग्रजीच्या पंगतीपेक्षा मोठीच भरते. "म्हणजे उडी त्यांनाच मारायला हवी," अण्णा म्हणाले.

अण्णांनी शिकवणे बंद केले नाही. गॅलरीतली मुले येतच राहिली, फक्त वाक्य घातल्यावर ते आधी विचारीत, "कोणी केलं?" मुलाने उत्तर दिल्याशिवाय पेन्सिल उचलू देत नसत. 'अपवाद'चे पान त्यांनी वहीतून फाडले नाही. वरचा मथळा तेवढा खोडून तिथे 'नियम' असे लिहिले.

गिरणीत मी पुढे अठरा वर्षे काढली. १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला तेव्हा मी हेडक्लार्कच्या खुर्चीत होतो. त्यानंतर ती गिरणी पूर्वीसारखी कधी चालली नाही. आज तिच्या जागी काचेची इमारत आहे. पण मला सांगायचे आहे ते त्याच्या फार आधीचे.

१९६५ च्या पावसाळ्यात तो साचेवाला माझ्या टेबलाशी आला. जबानी कोणी उलटी लिहिली आणि कोणी सुलटी केली हे त्याला कधीच कळले नव्हते. त्याच्या लेखी 'साहेबांनी कागद पुन्हा वाचला' एवढेच झाले होते, आणि मीही त्याला कधी सांगितले नाही. ते धैर्य मला झाले नाही. त्याला गावी जायला रजा हवी होती. भावाने जमिनीवर नाव चढवले होते, त्यासाठी हजर राहायचे होते. अर्ज इंग्रजीत लागेल असे कुणी तरी सांगितले होते.

मी अर्ज लिहिला. सहा ओळी. लिहून झाल्यावर त्याला म्हणालो, "बसा. आता ह्यात काय लिहिलं आहे ते मराठीत सांगतो. चूक असेल तर बोला."

तो कसनुसा हसला. "भाऊसाहेब, मला कशाला वाचून दावता? तुमच्यावर इस्वास हाय."

"असू दे," मी म्हणालो, "ऐका," आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून, कोणी कोणाचे काय घेतले तिथपासून, त्याला वाचून दाखवू लागलो.